लोडरची बकेट वाकली? गॅस पेटवण्याआधी या चुका टाळा

ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या लोडरची माती-दगड उचलणारी बकेट एका अंगाला झुकलेली दिसली की लगेच गॅसवाल्याला फोन. अरे, आधी माप तरी घ्या! ट्रॅक्टर सपाट फरशीवर लावा, टायरमधली हवा सारखी करा, पिना-बुश (सांध्यातल्या खिळ्या आणि त्यांच्या नळ्या) हलवून बघा. मग बकेटच्या तोंडाची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घ्या आणि पात्याला, म्हणजे बकेटच्या पुढच्या जाड कडेला, ताणून दोरा लावा. मापं सारखी आली, दोराही सगळीकडे टेकला, तर बकेटला हात लावू नका. पीळ बकेट उचलणाऱ्या आर्ममध्ये असेल, नाहीतर पिना घासल्या असतील.

दुसरी चूक म्हणजे पातं लालभडक करून वर पाणी ओतणं. अंबाजोगाईकडे विहिरीचा मलबा उचलताना एका लोडरच्या पात्याचा कोपरा दोन बोटं वर गेला. वेल्डरने तापवला, घणाने बसवला आणि घाई म्हणून बादलीभर पाणी मारलं. दिसायला झकास. पुढच्या काळ्या दगडाला लागला आणि वीतभर तुकडा काचेसारखा उडाला. पात्याचं पोलाद कडक जातीचं. लाल असताना पाणी पडलं की ठिसूळ होणारच. मालक मात्र पात्याच्या कंपनीला शिव्या देत बसला.

आधी गारच दाबून बघा: जाड गर्डर, साखळी आणि २० टनी बॉटल जॅक. पोलाद थोडं मागे येतं, म्हणून सरळ रेषेच्या थोडं पुढे दाबायचं. साखळीवर ओलं पोतं टाका, तिच्या रेषेत उभं राहू नका. नाहीच हललं तर सावलीत अंधुक लाल दिसेल इतकंच, पण रुंद भाग तापवा आणि कोरड्या राखेत झाकून सावकाश निवू द्या. एवढा धीर नसेल तर सरळ नवं पातं आणा.

नवं पातं एका टोकापासून सलग वेल्ड करू नका, वाकतं. मधून सुरुवात करून दोन्हीकडे आलटून-पालटून दोन-दोन इंचाचे टाके घ्या.

भेगेवर नुसता रॉड ओढला की ती पुन्हा उघडते. टोकाला ६ मिमीचं भोक पाडा, ग्राइंडरने खाच करा, मग ७०१८ चा (लो-हायड्रोजन वेल्डिंगचा) कोरडा रॉड.

पत्र्यावर थेट घण नको, मध्ये जाड प्लेट धरा.

बकेट ट्रॅक्टरवरच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा बकेटलाच लावा. चेसिसला लावला तर करंट पिना-बुशमधून जातो आणि ते जळतात. बकेट वर उचलून खाली काम करायचं असेल तर आर्मला लोखंडी टेकू हवाच. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली शिरू नका.