जुन्या कॉम्प्युटरला फ्लाइट सिम्युलेशनसाठी नवं ग्राफिक्स कार्ड: आधी एसएमपीएस बघा

एसएमपीएसपासून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यापासून, सुरुवात करा. कार्ड कोणतं, किती जीबीचं, कुठे स्वस्त मिळतं, हे सगळं नंतर. मागच्या वेळी मी बाकी सगळं पाहिलं आणि एसएमपीएसवरचं लेबल तेवढं वाचलं नाही. कार्ड बसलं, ड्रायव्हर इन्स्टॉल झाला, सिममध्ये सोनेगावहून, म्हणजे नागपूर विमानतळावरून, उड्डाण झकास झालं. मुंबई जवळ आली, ढग आणि इमारती एकदम दाटल्या आणि कॉम्प्युटर फटकन बंद पडला. एरर नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. म्हणून ही यादी. तिच्यात एसएमपीएस पुन्हा पुन्हा येईल, येऊ द्या.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचा. मोठ्या अक्षरात छापलेल्या '४५० वॅट' कडे लक्ष देऊ नका. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच जेवतात. माझ्या एसएमपीएसवर १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत वाटलेले, ज्यांचा कार्डाला काडीचा उपयोग नाही. आता हिशेब करा: आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅट मागतं, चौथ्या पिढीचा आय५ पूर्ण ताणला की ८४ च्या घरात जातो. इथेच २५४ झाले. पंखे, हार्ड डिस्क, योक आणि पेडल (विमानाचं स्टिअरिंग आणि पायांचे कंट्रोल) अजून धरलेच नाहीत. शिवाय ही कार्डं काही मिलिसेकंदांसाठी लिहिलेल्या आकड्याच्या बरंच वर झेपावतात आणि दमलेला एसएमपीएस नेमका त्याच क्षणी मान टाकतो. लेबलवर १२ व्होल्टच्या दोन वेगळ्या ओळी असतील तर दोन्हींचे अँपिअर बेधडक मिळवू नका. खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, ती खरी धरा.

दुसरं, केबल. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची केबल आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. तुमच्या एसएमपीएसमधून '६+२' अशी जोड असलेली केबल निघते का ते हाताने चाचपून बघा. निघत नसेल तर तो एसएमपीएस या कामासाठी नाही, विषय संपला. नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, कुणी तरी 'लागून जाते ना भाऊ, काही टेन्शन नाही' म्हणत मोलेक्स किंवा साटाचं (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलचं) कन्व्हर्टर काढून देईल. घेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठी बनलेला आहे; त्याच्यावर १५० वॅट लादले की प्लास्टिक वितळतं, आणि ते रात्री घरातले झोपलेले असतानाही वितळू शकतं. प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण ती '४+४' अशी तुटते आणि तिच्यातल्या तारांचा क्रम वेगळा असतो. ती जोर लावून कार्डात खुपसू नका. मित्राच्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची सुटी केबलही आणू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची रचना दर कंपनीची, कधी कधी दर मॉडेलची वेगळी असते आणि चुकीची केबल पाच सेकंदांत कार्ड जाळते.

ऑफिसातून निघालेलं ब्रँडेड डेस्कटॉप मशीन असेल तर आणखी सांभाळून. त्यांच्या मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर बहुतेकदा वेगळाच असतो, बाजारातला साधा एसएमपीएस थेट लागत नाही. बारीक कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच बसेल. अशा मशीनसाठी बिनकेबलची कार्डं बघा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटमध्ये भागवतं आणि बहुतेक कंपन्यांचं ते स्लॉटच्या विजेवरच चालतं.

एसएमपीएस बदलायचा ठरला तर ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया जाण्याचं मानांकन), नामांकित कंपनीचा आणि निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. आरटीएक्स ३०६० आणि ४०६० या दोन्हींसाठी एनव्हिडिया ५५० चीच शिफारस करते. बजेट अपुरं पडत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या, एसएमपीएस नाही.

आता कार्ड. पण त्याआधी खरंच कार्डच अडवतंय का, ते तपासा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) काउंटर उघडा. 'लिमिटेड बाय जीपीयू' दिसलं तर नवं कार्ड घ्यायला हरकत नाही. 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' दिसलं तर अडचण प्रोसेसरची आहे आणि पंचवीस-तीस हजारांचं कार्ड घालूनही फ्रेम जागच्या जागी राहतील. फक्त ढग जास्त सुंदर दिसतील. खात्री करायची असेल तर रेंडर स्केलिंग (चित्र किती बारकाईनं काढायचं ते) १०० वरून ५० वर आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दोषी, नाही वाढल्या तर प्रोसेसर. ही चाचणी मोठ्या विमानतळावर, जमिनीवर उभं राहून करा. नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडायचं, उजवीकडे अंबाझरी तलाव बघायचा, हे मला कितीही आवडत असलं तरी त्यातून काही कळत नाही. तिथे कमकुवत मशीनही छान चालतं. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. ते उड्डाण डाकोटा विमान घेऊन पुन्हा करण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्या आहेत. पण वाटेत वस्ती विरळ, कार्डावर ताण नाही. चाचणी मुंबईवरच करा, दुपारची वेळ, ढगाळ हवामान, आणि तेच उड्डाण सेव्ह करून ठेवा. जुन्या कार्डावरच्या फ्रेम कागदावर लिहा. नवं कार्ड बसल्यावर हेच उड्डाण पुन्हा लावायचं आहे.

प्रोसेसरबद्दल स्पष्टच सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची किमान अपेक्षाच रायझन ५ २६००एक्स किंवा आय७ ६८००के आणि १६ जीबी रॅमची आहे. शिफारस ३२ जीबीची. चौथ्या पिढीच्या चार कोरच्या मशीनवर २०२० चं सिम किंवा एक्स-प्लेन हे दुसरं सिम चालवा आणि टेरेन लेव्हल ऑफ डीटेल (दूरवरची जमीन किती बारकाईनं दिसेल ते) १०० च्या खाली ठेवा. तो स्लायडर कार्डापेक्षा प्रोसेसरला जास्त छळतो. रॅमची एकच कांडी असेल तर आधी तशीच दुसरी घ्या, हा सगळ्यात स्वस्त फायदा आहे.

व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबीच्या खाली नको, जमलं तर १२. सिममध्ये टेक्स्चर (जमीन-इमारतींवरची चित्रं) व्हीरॅमच्या बाहेर सांडायला लागले की फ्रेम चाळिसावरून थेट पाच-सातवर येतात, तेही उतरताना, फायनल अप्रोचवर. म्हणून मी ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल अजूनही जुन्या मशीनसाठी बरं मानतो. त्याला दुसरंही कारण आहे: ते स्लॉटच्या १६ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० आठच लेन वापरतात. तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई स्लॉटवर फरक थोडका पडतो, पण दुसऱ्या पिढीच्या बोर्डवर जाणवतो. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत, जुन्या बोर्डवर ते घेऊच नका. इंटेलची आर्क कार्डं रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या बोर्डवर फार मार खातात, तीही सोडा. क्रिप्टो मायनिंगमधून निघालेलं वापरलेलं कार्ड घ्यायचं असेल तर समोर चालवून बघितल्याशिवाय आणि सिरीयल नंबर लिहिलेल्या बिलाशिवाय पैसे देऊ नका.

लांबी मोजा. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावा आणि त्यातून केबल वळायला थोडी जागा वजा करा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिलिमीटर, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास. जाडीही बघा, खालचे साटाचे पोर्ट झाकले जातात.

मॉनिटर जुना असेल तर त्याच्या पाठीमागे बघा. नव्या कार्डाला व्हीजीए नसतं. एचडीएमआय नसेल तर ॲक्टिव्ह कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याची तयारी वेगळी. नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) खोलीच ४० अंशांवर असते, कार्ड त्याच हवेने थंड व्हायचं आहे. पुढून एक हवा आत घेणारा आणि मागून एक बाहेर फेकणारा पंखा हवाच. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओली हवा आणि बारीक धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर जो थर बसतो, तो ब्लोअरने निघत नाही, खरवडावा लागतो. कॅबिनेट कूलरपासून लांब, जमिनीपासून वर ठेवा. मे महिन्यात कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्या कमी होतात, तापमान आणि आवाज बराच उतरतो, आणि हो, एसएमपीएसवरचा भारही.

एसएमपीएसच्या पलीकडे यूपीएस आहे, तोही याच हिशेबात धरा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो आणि लाइट गेली की बॅटरीवर जाण्याऐवजी सरळ बंद पडतो. उन्हाळ्यात गल्लीभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज खाली जातं, तेव्हा हे जास्त घडतं. १००० व्हीए घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरात तर नक्कीच.

बसवायच्या आधी बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या, स्क्रीनचे फोटो काढा. फार जुना बोर्ड असेल तर निर्मात्याच्या साइटवर बायोसचं शेवटचं अपडेट बघा. काही जुने बोर्ड नवं कार्ड लावल्यावर काळा स्क्रीनच दाखवतात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालू ठेवा, अडचणीत तेच वाचवेल. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर साफ करणाऱ्या प्रोग्रामने) काढा, विशेषतः एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट जाताना. नवा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा.

बसवताना: मेन स्विच बंद, प्लग बाहेर, मग पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची छोटी कडी आधी दाबा. ती न दाबता ओढलं की स्लॉटच उखडतो. कडीपर्यंत बोट पोचत नसेल तर प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर नाही, तो निसटून बोर्डवर ओरखडा काढतो. नवं कार्ड दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवा, 'टक' असा आवाज येईपर्यंत. मागचे दोन्ही स्क्रू लावा. मग एसएमपीएसची केबल, तीही पूर्ण आत. '६' आणि '२' हे दोन्ही तुकडे एका रेषेत धरून एकदमच सरकवा, नाही तर दोन पिनांचा तुकडा अर्धवट लटकतो. मॉनिटरची केबल कार्डात, मदरबोर्डमध्ये नाही.

चालू करा. ड्रायव्हर, रीस्टार्ट. ते मुंबईचं उड्डाण, कागदावरच्या फ्रेमशी तुलना. डीएलएसएस (छोटं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) लावलं तर कॉकपिटमधल्या डिजिटल पॅनेलवरचे आकडे हलताना पुसट होतात, चालत नसेल तर टीएए (कडा गुळगुळीत करायची साधी पद्धत) ठेवा. फ्रेम ३० वर बांधून टाका, जुन्या प्रोसेसरला तेच मानवतं. जॉयस्टिक पुन्हा कॅलिब्रेट. तासभर सलग चालवा, तापमान बघा. मशीन मध्येच बंद पडलं तर ड्रायव्हर, विंडोज, सिम यांच्यामागे आठवडा घालवू नका, एसएमपीएस बघा. जुनं कार्ड इतक्यात विकू नका. बिलाचा आणि खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो स्वतःला मेल करा.