जनरेटर चालून झिजत नाही, रिकामा फिरवून झिजतो

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर माझ्या ताब्यात आहे. लाइट गेली की कॉम्प्रेसर त्याच्यावर. नवीन पोरगं कामाला आलं की मी लगेच त्याच्या हातात पाना देत नाही. आधी इंजिनाच्या आत काय चालतं ते समजून घे म्हणतो.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला दाबून साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्शात कोंबतो, तेवढ्यानेच ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या तापल्या हवेत इंजेक्टर बारीक फवारा मारतो आणि डिझेल आपोआप पेटतं. १,५०० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये हे मिनिटाला ७५० वेळा होतं. त्यामुळे हवा आणि डिझेल स्वच्छ हवं, आणि पिस्टनवरच्या रिंगा व लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचा दाब, धरला पाहिजे. बाकी सगळी देखभाल त्यासाठीच.

एअर फिल्टर रोज काढून झटकायची हौस नको. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर लाल झाला की बघा. कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात फुंकलात तर कागदाला न दिसणारी भोकं पडतात, आणि तिथून गेलेली धूळ लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टर नवाच घाला. लायनरपेक्षा स्वस्त पडतो.

डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. सकाळी सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा भाग) कॉक उघडून तळाचं पाणी सोडा. डिझेल फिल्टर बदलला की हँड प्रायमर (डिझेलचा हातपंप) मारत ब्लीड स्क्रूतून, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूतून, एअर काढा, बुडबुडे थांबेपर्यंत.

ऑइल साधारण २५० तासांना बदलतात, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच, आणि इंजिन गरम असताना काढा म्हणजे गाळ सोबत निघतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, डिझेल नाहीतर पाणी मिसळतंय. दुधाळ दिसलं तर पाणीच.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतणाऱ्याला मी इंजिन रूममध्ये उभा करत नाही. क्षार बसतात ते वेगळंच. वेट लायनर, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं तो, चालताना थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. एक दिवस आरपार भोक. कंपनीने सांगितलेलं कूलंट ठरलेल्या प्रमाणात घातलं की लायनरवर संरक्षक थर राहतो.

आता मालक लोकांचा लाडका हुकूम: ‘आठवड्याला दहा मिनिटं रिकामाच फिरवून ठेव.’ यानेच इंजिन खराब होतं. लोड नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं चिकट पाझरतं, लायनर गुळगुळीत होतो आणि ऑइल खाणं सुरू. त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, पण किमान ३० टक्के लोड टाकून. आम्ही कॉम्प्रेसरच जोडतो. बंद करण्याआधी मात्र तीन ते पाच मिनिटं लोड काढून फिरू द्या. टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो. तापलेला असताना इंजिन थांबवलं तर ऑइल तिथेच करपतं.

धुरावर नजर ठेवा. काळा असेल तर हवा कमी, लोड जास्त किंवा इंजेक्टर खराब. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थंड इंजिनाला थोडा वेळ चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला तर मेकॅनिक बोलवा.

आणि ऐनवेळी जनरेटर सुरूच झाला नाही, तर इंजिन खोलायच्या आधी बॅटरी बघा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा, वर पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.