एकाच गेटातली भाऊबंदकी: दोन युनिटांमध्ये नोकरी कशी करावी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत लागलो तेव्हा वाटलं, कंपनी एक म्हणजे माणसं एका बाजूची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या युनिटनं पंप द्यायला नकार दिला. पंप स्टोअरमध्ये धूळ खात पडलेला, पण ‘त्यांच्या’ खात्यावर.

मोठ्या कंपन्या अशी चढाओढ कधीकधी मुद्दामच ठेवतात. साबण बनवणाऱ्या अमेरिकन प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या नील मॅकेल्रॉय यांनी १९३१ मध्येच प्रत्येक ब्रँडला वेगळी टीम मागितली होती. ते बघत असलेला कॅमे साबण कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत होता.

१. नफा कुणाच्या खात्यात पडतो ते आधी बघा. समजा, पलीकडचं युनिट तुम्हाला इंटरमीडिएट (पुढचं केमिकल बनवायला लागणारा अर्धा तयार माल) बनवून देतं. त्यांचा खर्च किलोला ३०० रुपये, तुम्हाला दर ३१५, बाहेरचं गिऱ्हाईक ४०० द्यायला तयार. तुमचे ड्रम मागे राहणारच. त्यांच्या मॅनेजरवर चिडून काय होणार? त्याचा बोनस त्याच आकड्यावर आहे. दर वरची मंडळी ठरवतात. तुम्ही तीन महिन्यांची मागणी लेखी द्या, म्हणजे त्यांना बॅच बसवता येते.

२. मागताना खर्चासकट मागा. “वायच वाफ सोडा ना” नको. “मंगळवारी २ ते ६, तासाला अर्धा टन, आमच्या कॉस्ट सेंटरवर टाका” असं सांगा, म्हणजे खर्च आपल्या खात्यावर. आधी फोन, मग मेल. नुसता मेल तक्रारीसारखा वाचला जातो, आणि सीसीत साहेब असले तर संपलंच.

३. सामायिक माणसं जपा. बॉयलर, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट), स्टोअर म्हणजे दोन घरांतली एक विहीर. तो पंप मला स्टोअरच्या काकांनीच मिळवून दिला. म्हणाले, “परत करायची तारीख घालून चिठ्ठी लिहा, मी बोलतो त्यांच्याशी.” दहा मिनिटांत पंप ट्रॉलीवर.

४. गणपतीचं दोन महिने आधी ठरवा. दोन्ही युनिटांना त्याच आठवड्यात शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लँट बंद) हवा असतो, फिटर मात्र तेवढेच, आणि तेही गावाला निघालेले. एका वर्षी मी उशिरा जागा झालो. चतुर्थीला घरी आरती चालू, मी प्लँटवर गॅस्केट बदलतोय.

५. साहेबांकडे शेवटी जा, आणि पलीकडच्या माणसाला घेऊन जा. कागद एकच न्या: माल अडला तर त्यांचं किती जातं, आपलं किती जातं. दोन आकडे, खाली दोघांच्या सह्या.