सागरगोटे खेळताना डाव का जातो? या चुका टाळा

सागरगोट्यांचा डाव गेला की खेळणारा सहसा झेलणाऱ्या हाताला दोष देतो आणि पुढच्या वेळी हात अधिक वेगाने चालवू पाहतो. प्रत्यक्षात चूक बहुधा त्याआधीच, म्हणजे गोटे जमिनीवर टाकताना किंवा एक गोटा वर उडवताना झालेली असते. पाच गोट्यांच्या खेळात एक गोटा उडवून तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे गोटे उचलायचे असतात. पहिल्या फेरीत एकेक, दुसऱ्या फेरीत दोन-दोन, तिसऱ्या फेरीत तीन आणि एक, चौथ्या फेरीत चारही एकदम. या सर्व फेऱ्यांमध्ये झेल जवळपास सारखाच असतो, परंतु फेक आणि मांडणी यांनी डाव सोपा किंवा अवघड होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे वेळ मिळावा म्हणून गोटा फार उंच उडवणे. हाताच्या पातळीपासून ४५ सेंटिमीटर उंच गेलेला गोटा सुमारे ०.६ सेकंदात हातात परत येतो. तोच ९० सेंटिमीटर उडवला तर ०.८५ सेकंद मिळतात, म्हणजे उंची दुप्पट करूनही वेळ जेमतेम ४० टक्क्यांनी वाढतो. तिरकेपणाची शिक्षा मात्र पूर्ण दुप्पट होते: फेक सरळ रेषेपासून फक्त ५ अंशांनी कलली, तर ४५ सेंटिमीटर उंचीची फेक सुमारे १६ सेंटिमीटर दूर पडते आणि ९० सेंटिमीटरची सुमारे ३२ सेंटिमीटर. मिळालेला जादा वेळ मग गोट्याच्या मागे धावण्यातच जातो. म्हणून बसलेल्या स्थितीत गोटा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर जाईल एवढीच फेक ठेवावी. तो कलत असेल, तर केवळ मनगटाचा झटका देण्याऐवजी कोपरापासून पुढचा हात उचलून फेकून पाहावे. काहीही न उचलता फक्त फेकणे आणि त्याच जागी झेलणे असा सराव मुलांना कंटाळवाणा वाटतो हे खरे, पण फेक सरळ होण्यासाठी याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

नजरेची चूक याच्याशीच जोडलेली आहे. अनेक जण गोटा उडवल्यावर कोणता उचलायचा हे ठरवतात, आणि अर्धा वेळ तिथेच संपतो. आधी गोटा निवडावा, हात त्याच्याजवळ आणावा आणि मगच फेकावे. उडालेल्या गोट्याकडे सतत पाहण्याची गरज नसते. तो सर्वांत उंच असताना क्षणभर दिसला, तरी कुठे उतरणार याचा अंदाज येतो.

मांडणीकडे तर फारच थोडे लक्ष दिले जाते. प्रत्येक फेरीत गोटे एकाच पद्धतीने टाकणे चुकीचे आहे. पहिल्या फेरीत ते विखुरलेले असावेत, कारण एक उचलताना शेजारचा हलला की बहुतेक ठिकाणी बाद धरतात. चौथ्या फेरीत उलट ते एकवटलेले हवेत. त्यासाठी हात जमिनीच्या अगदी जवळ नेऊन गोटे हलकेच सोडावेत. गुळगुळीत फरशीवर ते घरंगळतात, तिथे पातळ सतरंजी अंथरली की निम्मी कटकट मिटते. दोन गोटे एकमेकांना चिकटून पडले असतील, तर उचलायचा गोटा बाहेरच्या बाजूने चिमटीत धरावा.

गोट्यांची निवडही तपासून घ्यावी. एकाच मापाचे, सुमारे दीड ते दोन सेंटिमीटरचे आणि सारख्या वजनाचे पाच असावेत, कारण एखादा हलका किंवा मोठा असेल तर हाताचा अंदाज दर फेकीला चुकतो. सागरगोट्याची बी कठीण आणि गुळगुळीत असते, पण काचेच्या गोटीसारखी नेमकी गोल नसते, म्हणून ती फार दूर घरंगळत नाही. खडे वापरल्यास धारदार कडांचे टाळावेत. तीन वर्षांखालील मूल जवळ असेल, तर गोटे मोजूनच उचलून ठेवावेत. हे माप घशात अडकण्याजोगे असते.

शेवटी गोटे तळहातावरून उडवून पालथ्या हातावर झेलण्याचा डाव. इथे बोटे फाकलेली राहतात आणि गोटे फटींतून निसटतात. बोटे जुळवून टोके किंचित वर उचलावीत, म्हणजे मधे उथळ खोलगट जागा तयार होते. उडी १०-१५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही: गोटे हातावर टेकताना हात त्यांच्यासोबत थोडा खाली न्यावा लागतो. स्थिर किंवा वर येणाऱ्या हातावर आपटून ते उसळतात, आणि नेमका हाच हात पुढे सरसावून झेलणाऱ्या उत्साही मुलांचा डाव सर्वांत आधी जातो.