पुदिन्याचा चहा: उकळू नका, झाकून मुरवा

पुदिन्याच्या चहात दूध नाही, चहा पावडर नाही. त्यामुळे कॅफिनही नाही आणि रात्री जेवणानंतर घेतला तरी झोप उडत नाही.

दोन कपांना १५-२० ताजी पानं पुरतात. काळी पडलेली, चिकट झालेली पानं काढून टाका. जुडीत माती फार असते, म्हणून पानं भांडंभर पाण्यात बुडवून हलवा, माती तळाशी बसू द्या आणि पानं वरून हाताने उचलून घ्या. भांडं गाळणीवर उपडं केलं, तर तीच माती पुन्हा पानांवर बसते.

दोन कप पाण्याला उकळी फुटली की गॅस बंद करा. पानं तळहातावर जरा चुरडून पाण्यात टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच-सात मिनिटं मुरू द्या. रोजच्या चहाच्या सवयीने पानं खळखळ उकळावीशी वाटतात, पण पुदिन्याचा सगळा गुण त्याच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. उकळत ठेवलात तर वास घरभर जातो आणि कपात कडसर पाणी उरतं. झाकणाला आतून जमलेले थेंबही पातेल्यातच निथळू द्या, त्यांत ते तेल असतं.

मग गाळा. आवडत असेल तर थोडं लिंबू पिळा. आलं किंवा गवती चहा हवा असेल, तर तो पाण्याबरोबर आधी उकळून घ्या. पुदिना मात्र शेवटीच.

जड जेवणानंतर पोट फुगल्यासारखं वाटतं तेव्हा हा चहा बरा वाटतो. सर्दीत गरम वाफेने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण पोटाच्या तक्रारींवरचं बरंचसं संशोधन पेपरमिंट या पुदिन्याच्या दुसऱ्या जातीच्या तेलाच्या कॅप्सूलवर झालेलं आहे. आपल्या बाजारातला पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा, त्यात मेन्थॉल (पेपरमिंटमधला थंडावा देणारा घटक) अगदी कमी. दुखणं जुनं असेल तर चहावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं हा त्रास असलेल्यांनी तर जपूनच प्यावा. पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल पडू शकते आणि जळजळ वाढू शकते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये तास-दोन तासांचं अंतर ठेवा, कारण असे चहा लोह नीट अंगी लागू देत नाहीत. तान्ह्या बाळांना देऊ नका.

नेहमी लागणार असेल तर दोन-चार जाड काड्यांची खालची पानं खुडून काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवा. मुळं फुटली की कुंडीत लावा. कुंडी वेगळीच घ्या. पुदिना पसरायला लागला की शेजारच्या रोपाला जागा ठेवत नाही.