स्पेस स्टेशनला माल पाठवायचाय? तारीख धरा आणि मागे मोजत या

बऱ्याच जणांना वाटतं मालवाहू मिशनची तयारी म्हणजे रॉकेट उभं केलं, इंधन भरलं, काउंटडाउन झालं की सुटलं. खरं सांगू का, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ सारखं रॉकेट आता इतक्या वेळा उडालंय की त्याच्या बाजूचं काम बऱ्यापैकी रुळलंय. डोकं खातं ते बाकीचं सगळं, म्हणजे पिशव्या, बॅटऱ्या, उंदीर, परवाने, ढग आणि मुळात स्टेशनवर यान लावायला जागा मोकळी आहे का नाही. म्हणून सुरुवात रॉकेटपासून करू नका, यान स्टेशनला जोडलं जाणार ती तारीख आधी पकडा आणि तिथून उलटं मोजत मागे या.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, इथे मालक दोन आहेत. नासाने डिसेंबर २००८ मध्ये स्पेसएक्सला १२ फेऱ्यांसाठी १.६ अब्ज डॉलर आणि ऑर्बिटल सायन्सेसला ८ फेऱ्यांसाठी १.९ अब्ज डॉलरचं काम दिलं, तेव्हापासून पद्धत अशी आहे की नासा रॉकेट किंवा यान विकत घेत नाही, माल पोचवायची सेवा विकत घेते. त्यामुळे उड्डाणाचा निर्णय कंपनीचा, पण यान स्टेशनच्या आसपास आलं की शब्द ह्यूस्टनचा, म्हणजे नासाच्या कंट्रोल रूमचा चालतो. तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला कुठली परवानगी कोणाकडून घ्यायची हे पहिल्या दिवसापासून माहीत पाहिजे, नाहीतर ऐनवेळी दोन्हीकडे फोन फिरत बसतात.

आता तारीख. स्पेसएक्सच्या ड्रॅगनसारखं आपोआप डॉक होणारं (स्टेशनला जोडलं जाणारं) यान स्टेशनच्या हार्मनी मॉड्यूलच्या पुढच्या किंवा वरच्या पोर्टला लागतं, आणि तेच दोन पोर्ट माणसं नेणाऱ्या ड्रॅगनलाही लागतात, म्हणजे आधीचं यान निघाल्याशिवाय किंवा दुसऱ्या पोर्टवर हलवल्याशिवाय तुमचा नंबर नाही. त्यात अंतराळवीरांच्या झोपेच्या वेळा, स्पेसवॉक, रशियन बाजूची ये-जा आणि स्टेशनवर सूर्यप्रकाश कुठल्या कोनातून पडतोय हेही बघावं लागतं. ऑर्बिटलच्या सिग्नस यानाच्या पहिल्या फेरीचं उदाहरण घ्या: १८ सप्टेंबर २०१३ ला यान निघालं, २२ तारखेला जवळ जाताना यानाच्या आणि स्टेशनच्या जीपीएस डेटाचा मेळ बसेना म्हणून थांबवलं, सॉफ्टवेअरची दुरुस्ती फार मोठी नव्हती पण तोवर नव्या अंतराळवीरांना घेऊन रशियाचं सोयूझ यान यायची वेळ झाली, मग सिग्नसला मागे थांबायला लागलं आणि ते स्टेशनला लागलं थेट २९ तारखेला. म्हणून वेळापत्रकात असा आठवडाभराचा ताण निघेल इतकं इंधन आणि इतका धीर दोन्ही ठेवा.

तारीख ठरली की वेळ, आणि वेळ तुमच्या हातात नसतेच. स्टेशनची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे, कक्षेचं प्रतल जवळजवळ जागच्या जागी राहतं आणि खाली पृथ्वी फिरते, त्यामुळे लाँच पॅड त्या प्रतलाखालून दिवसातून दोनदा जातं. फ्लोरिडातून त्यातली उत्तर-पूर्वेकडची संधी घेतात म्हणजे रॉकेट किनाऱ्याच्या कडेकडेने समुद्रावरून जातं. ही वेळ रोज साधारण २० ते २५ मिनिटं अलीकडे सरकते, म्हणजे आज रात्री उशिरा असेल तर आठवड्याने संध्याकाळी येते, तर शिफ्ट लावताना हे धरा. शिवाय फाल्कनमध्ये द्रव ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त गार करून भरतात, भरून ठेवला की तो तापत जातो, त्यामुळे पाच मिनिटं थांबू मग सोडू हा प्रकार नाही. विंडो, म्हणजे उडायला मिळणारी वेळ, एका क्षणाची, तो चुकला की त्या दिवशीचा विषय संपला. सगळ्याच रॉकेटचं असं नाही हं, डिसेंबर २०१५ मध्ये सिग्नस ॲटलस ५ वरून गेलं तेव्हा विंडो अर्ध्या तासाची होती, तरी हवामानाने सलग तीन दिवस खाल्ले आणि चौथ्या दिवशी उडालं. माझं मत विचाराल तर पहिल्या तारखेवर फार जीव लावूच नका, दुसरी आणि तिसरी तारीख रेंजकडे (लाँच साइट सांभाळणाऱ्यांकडे) आणि स्टेशनच्या प्लॅनिंगमध्ये आधीच नोंदवून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतून उडायचं तर एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याचा परवाना लागतो, तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी विमा लागतो (कायद्याने त्याची कमाल मर्यादा ५० कोटी डॉलर आहे), रेडिओ फ्रिक्वेन्सीची परवानगी वेगळी, विमानांना आणि जहाजांना सूचना वेगळ्या, आणि वाटेत कुठला उपग्रह आडवा येत नाही ना याची तपासणी. हे कंटाळवाणं आहे पण हलक्यात घेऊ नका. २७ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स लाँच साइटवरून सिग्नस नेणारं अँटारेस रॉकेट सगळं तयार असताना सुटलं नाही, का तर धोक्याच्या पट्ट्यात समुद्रात एक बोट शिरली होती. (दुसऱ्या दिवशी तेच रॉकेट उडाल्यावर साधारण १५ सेकंदांत इंजिन फुटून खाली आलं, त्याचा बोटीशी काही संबंध नाही, पण तेव्हा तो पट्टा का रिकामा ठेवतात हे सगळ्यांना कळलं.)

आता खरं काम, माल. स्टेशनवर जाणारी प्रत्येक वस्तू सेफ्टी रिव्ह्यूतून जाते आणि हे रिव्ह्यू टप्प्याटप्प्याने होतात, डिझाइन कागदावर असतानाच पहिला. ज्या बिघाडाने माणूस मरू शकतो किंवा स्टेशन जाऊ शकतं तिथे नियम असा की दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या तरी अनर्थ होता कामा नये. प्लास्टिक, रबर, गोंद, रंग यातून बंद हवेत काय वायू सुटतात ते बघायला वस्तू ४९ अंश सेल्सियसला ७२ तास बंद डब्यात ठेवतात आणि मग आतली हवा तपासतात, कारण वर खिडकी उघडायची सोय नाही. जळतं का बघतात, कडा बोटाला लागतात का बघतात, काच असेल तर फुटल्यावर तुकडे कुठे जातील ते विचारतात. आणि लिथियम बॅटरी असेल तर वेळ दुप्पट धरा. साधं दुकानातून आणलेलं उपकरण असलं तरी त्याची बॅटरी कुठल्या लॉटची, शॉर्ट झाली तर काय, जास्त चार्ज झाली तर काय, हे सगळं टेस्ट करून कागदावर लागतं. प्रयोगवाले शास्त्रज्ञ इथेच सगळ्यात जास्त अडकतात, कारण त्यांना वाटतं प्रयोग महत्त्वाचा आणि बॅटरी किरकोळ.

पॅकिंगला सीटीबी नावाच्या कापडी पिशव्या असतात, आग न पकडणाऱ्या नोमेक्स कापडाच्या, एक पूर्ण पिशवी ५०.२ बाय ४२.५ बाय २४.८ सेंटीमीटर, आणि मग तिची अर्धी, दुप्पट, तिप्पट अशी मापं. आत फोम. या फोमची मजा अशी की उड्डाणाची थरथर तोच बरीचशी खातो, म्हणून वस्तूची कंपन चाचणी ज्या पॅकिंगमध्ये ती जाणार त्याच पॅकिंगमध्ये करा, उघडी वस्तू टेबलाला बोल्ट करून हलवली तर उगाच नको तेवढी कडक परीक्षा होते. प्रत्येक पिशवी वजन करून, बारकोड लावून, यानात तिची जागा ठरवून जाते, कारण यानाचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत राहिला नाही तर थ्रस्टर्सना, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांना, सतत भरपाई करावी लागते आणि इंधन जातं. अजून एक, यानाची वजनाची मर्यादा यायच्या आधी बहुतेक वेळा जागाच संपते, तर प्लॅनिंग करताना किलोबरोबर लिटरही मोजा. आणि जे वर गेल्या गेल्या लागणार ते दाराजवळ. हे ऐकायला सोपं वाटतं पण दाराजवळ जागा मागणारे दहा जण असतात, तेव्हा क्रम आधीच लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

यादी फायनल झाली असं कधी समजू नका. २०२५ मध्ये सिग्नसच्या एनजी-२२ फेरीचं यान लाँच साइटकडे नेताना वाटेतच डॅमेज झालं आणि नासाला स्पेसएक्सच्या पुढच्या फेरीत, म्हणजे सीआरएस-३२ मध्ये, माल बदलून खाणंपिणं आणि रोजच्या वापराच्या वस्तू जास्त कोंबाव्या लागल्या. ज्यांचे प्रयोग त्या पिशव्यांसाठी उतरवले गेले त्यांच्या मनाची कल्पना करा. म्हणून प्रत्येक पिशवीच्या नावापुढे ती काढली तर आत काय जाईल हे लिहून ठेवायचं, आणि काय काढता येणार नाही हेही.

आता येतो तो भाग जिथे सगळ्यांचा बीपी वाढतो, लेट लोड. गोठवलेले नमुने, जिवंत पेशी, उंदीर हे आठवडाभर आधी भरून ठेवता येत नाहीत, ते शेवटच्या साधारण २४ तासांत यानात जातात. म्हणजे रॉकेट पॅडवर, पॅडवर बाकीची कामं चालू, आणि कोणीतरी स्वच्छ कपड्यात थंड डबे घेऊन हॅचमधून आत शिरतंय. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलच्या एसएलसी-४० या लाँच पॅडवर आधी यासाठी सोयीचा हातच नव्हता, तो टॉवर आणि आर्म बांधल्यावर मार्च २०२४ मध्ये सीआरएस-३० ला पहिल्यांदा वापरला. इथे तीन गोष्टी सांभाळा: फ्रीजरची वीज यानात लावल्यावर खरंच चालू आहे का हे डोळ्याने बघा नुसत्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, उशीर झाला तर नमुने किती तास टिकतील ते प्रत्येक प्रयोगवाल्याकडून लेखी घ्या, आणि उड्डाण रद्द झालं तर बदली नमुने कोण, कुठे, कधी तयार करणार ते आत्ताच ठरवा. उंदरांच्या बाबतीत तर खास, डिसेंबर २०१८ मध्ये सीआरएस-१६ चं उड्डाण एक दिवस पुढे ढकललं ते उंदरांच्या खाण्याच्या वड्यांवर बुरशी सापडली म्हणून. रॉकेट तयार, हवामान ठीक आणि थांबलं कशासाठी तर बुरशीसाठी. तर खाण्याचा जादा साठा ठेवा!

यान आणि रॉकेट जोडणं हा भाग मी भरभर सांगतो. ड्रॅगनच्या थ्रस्टर्ससाठी मोनोमिथाइल हायड्रझीन आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड भरतात, दोन्ही भयानक विषारी आणि एकमेकांना भेटले की आपोआप पेटतात, त्यामुळे हे काम वेगळ्या जागी आणि पूर्ण बंद सूटमध्ये. मग हँगरमध्ये आडव्या रॉकेटला यान जोडायचं, वीज आणि डेटाच्या तारा तपासायच्या, पॅडवर नेऊन उभं करायचं, गरज असेल तर इंजिनं पॅडवरच काही सेकंद पेटवून बघायची. लक्ष द्यायचं ते बाहेरून घेतलेल्या छोट्या पार्टकडे. २८ जून २०१५ ला सीआरएस-७ उड्डाणानंतर १३९ सेकंदांनी फुटलं, कंपनीच्या तपासानुसार वरच्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीत हेलियमची बाटली धरणारा एक स्ट्रट (आधाराची दांडी) १०,००० पाउंड सहन करायला प्रमाणित होता आणि २,००० पाउंडांनाच तुटला. वाईट म्हणजे ड्रॅगन त्या स्फोटातून अख्खं बाहेर पडलं होतं, पण अशा प्रसंगी पॅराशूट उघडायचं सॉफ्टवेअरमध्ये सांगितलेलंच नव्हतं, ते नंतर घातलं. म्हणून सर्टिफिकेट आलं तरी लॉटमधले नमुने स्वतः ओढून बघा, आणि "मधेच फुटलं तर मालाचं काय" हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये मोठ्याने विचारा.

लाँचचा दिवस. हवामान अधिकारी सांगेल ते ऐकायचं, वाद घालायचा नाही. फाल्कनसाठी पॅडवर १६२ फुटांच्या उंचीला वारा ताशी ३० मैलांपेक्षा जास्त असेल तर नाही, १० सागरी मैलांत वीज चमकली असेल तर अर्धा तास थांबा, आणि वादळी ढगांचे वेगळे नियम, वरच्या हवेतले वारे फुगे सोडून मोजायचे ते वेगळंच. यान ठीक, हवामान ठीक, स्टेशन ठीक असेल तर उड्डाणाच्या ३८ मिनिटं आधी इंधन भरायला परवानगी, ३५ मिनिटांना केरोसीन आणि पहिल्या टप्प्याचा ऑक्सिजन सुरू, १६ मिनिटांना दुसऱ्या टप्प्याचा, ७ मिनिटांना इंजिनं गार करायला घेतात, शेवटच्या मिनिटात रॉकेटचा कॉम्प्युटर ताबा घेतो, ४५ सेकंदांना लाँच डायरेक्टरचं शेवटचं हो. त्यानंतरही कॉम्प्युटर नाही म्हणू शकतो आणि म्हणतो. १९ मे २०१२ ला ड्रॅगन नेणाऱ्या फाल्कनची इंजिनं पेटल्यावर, सुटायला अर्धा सेकंद राहिला असताना, ५ नंबरच्या इंजिनात दाब जास्त दिसला म्हणून सगळं बंद झालं, खराब व्हॉल्व्ह बदलला आणि २२ तारखेला उडालं. सीआरएस-१० तर फेब्रुवारी २०१७ मध्ये १३ सेकंद आधी माणसांनी थांबवलं, दुसऱ्या टप्प्याच्या स्टिअरिंगबद्दल शंका होती म्हणून. थांबवणाऱ्याला कोणी नंतर टोमणे मारणार नाही अशी रूम तयार करणं हेही तयारीतच येतं बरं का.

सुटलं म्हणजे तुमची सुट्टी नाही. स्टेशनभोवती आधी ४ बाय २ बाय २ किलोमीटरचा लंबगोल पट्टा आणि आत २०० मीटर त्रिज्येचा गोल असतो, प्रत्येक टप्प्यावर ह्यूस्टनकडून गो मिळाल्याशिवाय आत जायचं नाही, आणि यान मधेच बंद पडलं तरी वाहत जाऊन स्टेशनला धडकणार नाही अशीच वाट आखायची. वर सांगितलेलं सीआरएस-१० दुसऱ्या दिवशी उडालं खरं, पण स्टेशनजवळ जीपीएसच्या एका चुकीच्या आकड्यामुळे यानाने स्वतःहून माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन लागलं. हे सगळे नकार आणि माघारी दोन्ही कंट्रोल रूम एकत्र बसवून आधी सिम्युलेशनमध्ये खेळून घ्या, तेही डेटा मुद्दाम बिघडवून.

डॉक झाल्यावर गळती तपासायला वेळ जातो, मग हॅच उघडतं, आणि पहिलं काम फ्रीजर आणि जिवंत प्राणी स्टेशनच्या विजेवर हलवणं. खाली त्या प्रयोगांचे लोक जागे आणि लाइनवर असू द्या, कारण डबा हलवताना तापमान वाढलेलं दिसलं तर चालेल का नाही हे वर कोणाला माहीत नसतं, ते त्यांनाच विचारायला लागतं.