चौकटीतला काउबॉय पडद्यावर आणताना

सिनेमा शिकत असताना आम्हाला एक सराव दिला होता. आवडत्या कॉमिकची दोन पानं घ्यायची आणि खऱ्या नटांना घेऊन दोन मिनिटांचा प्रसंग शूट करायचा. मी लकी ल्यूक घेतला. बेल्जियमच्या मॉरिस या चित्रकाराने १९४६मध्ये जन्माला घातलेला, १९५५पासून गॉसिनीच्या लेखणीने बहरलेला, स्वतःच्या सावलीपेक्षाही आधी गोळी झाडणारा काउबॉय. लहानपणापासून पाठ, म्हणून सोपं जाईल असं वाटलं.

मी पुस्तकालाच स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सचा चित्रांतला आराखडा, समजले. प्रत्येक चौकट जशीच्या तशी लावली आणि वर्गात कुणी हसलं नाही. कॉमिकमध्ये वेळ वाचकाच्या हातात असतो. तो एका चित्रावर रेंगाळतो, मागे जातो, पान उलटतो. सिनेमात तो वेळ आपल्याला द्यावा लागतो. सावलीचाच विनोद घ्या. चित्रात ल्यूकची गोळी सुटलेली असते आणि सावलीचा हात अजून पिस्तुलापाशीच असतो. दोन्ही एका नजरेत दिसतं, म्हणून हसू येतं. पडद्यावर ती नुसती करामत वाटली. शेवटी मी गोळीबार दाखवलाच नाही. आधी आवाज, मग समोरच्या गुंडाचा गोंधळलेला चेहरा, मग त्याची खाली घसरलेली पँट. तेव्हा वर्ग हसला.

ल्यूकच्या गोष्टींतल्या चार गुंड भावांनी, डाल्टन बंधूंनी, जास्त घाम काढला. ‘जो’ नावाचा भाऊ सगळ्यात बुटका आणि तापट, मग विल्यम, जॅक आणि शेवटी उंच, भोळसट अ‍ॅव्हरेल. ही पायरी दिसली की पुढचं अर्धं काम झालंच. पण खरी माणसं खडबडीत जमिनीवर उभी राहिली की पायरी मोडते, आणि वाइड लेन्स जवळ नेली की पुढचा माणूस उगाच मोठा दिसतो. सपाट जागा शोधा, चौघांना एका ओळीत उभं करा, कॅमेरा लांब नेऊन टेली लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, लावा. रंगांचंही तसंच. मॉरिस मागची गर्दी बऱ्याचदा एकाच सपाट रंगात रंगवतो, म्हणून डोळा नेमका हव्या त्या माणसावर जातो. आपल्याला ते कपडे आणि प्रकाशातून साधावं लागतं, तेव्हा वेशभूषाकाराशी पहिल्याच दिवशी बोला.

ल्यूकवर १९९१मध्ये टेरेन्स हिलने सिनेमा केला; २००९मध्ये जाँ द्युजार्दां ल्यूक झाला. दुसरा जरूर पाहा. त्यात ल्यूकच्या आईवडिलांची हत्या दाखवून त्याला भूतकाळ दिलाय. मला ते पटत नाही. हा माणूस गोष्ट संपली की गाणं म्हणत एकटाच मावळतीकडे निघतो. त्याच्यावर दुःखाचं ओझं टाकलं की ते निघून जाणं हलकं राहत नाही. उलट गॉसिनीच्याच अ‍ॅस्टेरिक्स या दुसऱ्या कॉमिकवर आलँ शाबाने २००२मध्ये केलेला क्लिओपात्राचा सिनेमा पाहा. कथा मूळ पुस्तकाची, विनोदाची चाल मात्र शाबाची स्वतःची. फ्रान्समध्ये त्याची १.४ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली.

हक्कांचं लक्षात ठेवा. वर्गातला सराव ठीक, पण बाहेर दाखवायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या.

आणि शूटआधी एक गोष्ट नक्की करा. निवडलेलं पान मित्राला न दाखवता तोंडी सांगा. तो हसला, तर विनोद प्रसंगात आहे. तो तसाच घ्या. नाही हसला, तर विनोद रेषेत आहे. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि सगळ्यात जास्त वेळ त्या जागांना द्या.